चिंचेनं घासलेला बाजा

मी एकदा सॅक्सोफोन चिंच आणि राख लावून घासला होता. भांडी घासतात तसा. नारळाच्या शेंडीनं, कोपरान् कोपरा, वरून विटकरीची वस्त्रगाळ भुकटी लावून. मग बादलीत बुचकळून खळाखळा धुतला, झटकला आणि माळवदावर उन्हात उपडा वाळत घातला. एका बाजूला दोन तांबे, दुसऱ्या बाजूला परात आणि मध्ये हा. माझ्या नातीला हे सांगितलं की ती पोट धरून हसते. "आजी, अगं त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो!" म्हणते. तिला हे मोबाइलवर कळलं. मला कळायला एक दसरा लागला. मीही तिच्याबरोबर हसते, कारण गोष्ट हसण्यासारखीच आहे. हसून झालं की उठून माठातलं गार पाणी पिते, आणि तेवढ्या वेळात ती दुसऱ्या विषयाला लागलेली असते, हे बरं असतं.

तेव्हा आम्ही सेलूला राहत होतो, जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, मागच्या गल्लीत. हंगामात घरात, अंगणात, केसांत, भाकरीच्या पिठातसुद्धा कापसाची पिसं उडत असायची. माय भाकरी थापता थापता फू करून ती उडवायची. माझ्या वडिलांना मी दादा म्हणायची. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. थोरले काका अजूनही चारठाण्याकडच्या माळावर मेंढरं घेऊन फिरायचे. दादांनी मेंढरांमागं पावा वाजवत पोरपण काढलं आणि मिसरूड फुटायच्या आत हैदराबादला पळून जाऊन फौजेच्या बँडात शिरले. तिथं एका गोवेकर मास्तरानं त्यांच्या हातातला पावा काढून घेऊन वाकडा पितळी बाजा दिला. शेजारच्या खुर्चीवर जिंतूरकडचा एक पोरगा तसाच बाजा घेऊन बसला होता, त्याचं नाव हबीब. पुढं निजामाचं राज्य गेलं, पलटण मोडली, बाजे ज्याचे त्याला मिळाले आणि दोघं जण एकाच गाडीतून सेलूच्या स्टेशनावर उतरले. हबीबचाचा आमच्यापासून चार घरं सोडून राहायला लागले. दोघांनी मिळून लग्नाचा बँड काढला.

गल्लीत सॅक्सोफोन कुणालाच म्हणता येत नव्हतं. वाकडा बाजा म्हणायचे सगळे. दुपारी जिनिंगचा भोंगा झाला, माणसं जेवायला बसली की आमच्या पडवीत दोघांचा रियाझ सुरू व्हायचा. आधी लग्नातलं, पाठ केलेलं वाजवायचे. ते संपलं की दोघं एकमेकांकडं बघायचे, आणि मग गंमत सुरू व्हायची. गोवेकर मास्तरानं त्यांना जॅझ नावाचं एक वेड लावून दिलं होतं. ते कागदावर लिहिलेलं नसायचं. एकानं काहीतरी विचारल्यासारखं वाजवायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, पहिल्यानं ते उत्तर उलटं करून त्याच्याच अंगावर टाकायचं. भांडतात का लाडात आलेत ते कळायचं नाही. दादांचा आवाज सरळ, माळावरच्या हाळीसारखा लांब जाणारा. चाचांचा आवाज जाडसर, घशात गूळ ठेवून बोलल्यासारखा. माय चुलीपुढून ओरडायची, "झालं का तुमचं कोंबड्याचं भांडण? भाकर गार व्हायलीय." चाचा बाजा तोंडातून न काढता भुवया उडवायचे आणि तिच्या वाक्याची नक्कल बाजावर करायचे. भाकर गार व्हायलीय, हुबेहूब! माय पदरात तोंड घालून हसायची.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. स्वतःला लय शहाणी समजायची. माझा आवाज इतका मोठा होता की चाचांनी माझं नाव भोंगा ठेवलं होतं. "भोंगे, जिनिंग का भोंगा बंद पड़ा तो तेरेकु छत पे बिठाते," म्हणायचे. मला ते खरंच वाटायचं आणि मी मनातल्या मनात छतावर बसायची तयारी करायची. अशी होते मी. शहाणपण किती होतं ते यावरून ओळखा.

बँडाला बोलावणी चांगली यायची. सेलूची, जिंतूरची, थेट ताडकळसपर्यंतची. पण मग हळूहळू एक नवंच सुरू झालं. लग्नघरची माणसं बँड ठरवायला यायची, चहा प्यायची, सगळं ठरायचं आणि उठता उठता चप्पल शोधत विचारायची, "भिवाजी, वाजवायला तुमी असताल. दुसरा कोण हाय?" दादा म्हणायचे, "हबीब हाय, दुसरा कोण असणार?" मग ते लोक म्हणायचे, "न्हाई, आमचं काय न्हाई हो, पण मंडळी लय येणारेत, उगं कुणी काय बोललं तर…" आणि ते बोलणं तिथंच सोडून निघून जायचे. दादा तसं लग्न घ्यायचे नाहीत. घरात डाळ पातळ व्हायला लागली. चाचा एकदा म्हणाले, "भिवा, तू अकेला जा ना. मैं कब बोला नक्को करके?" दादा दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्याच वर्षी चाचीच्या भावाचं हैदराबादहून पत्र आलं. तिथं एका हॉटेलात संध्याकाळी बँड असतो, एक सॅक्सोफोनवाला हवा आहे, बाजा आपला घेऊन या. आमचा मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबईला जोडला जाणार अशा गप्पा गावात चालल्या होत्या, आणि चाचा नेमके उलट्या दिशेनं निघाले होते. दिवाळीच्या आधी जायचं ठरलं. चाची एकेक सामान वाटायला लागली. आमच्या वाट्याला तिचा पाटा-वरवंटा आला, एक सूप आलं, आणि खट्ट्या डाळीसाठी ती वर्षभराची चिंच साठवायची ती बरणी आली. मी ती बरणी दोन्ही हातांनी कवटाळून आणली, येताना वाटेत चिंचेची चार बुटकं खाल्ली. उरलेल्या चिंचेचं पुढं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

जिनिंगच्या मालकाचा मुलगा मुंबईला शिकत होता. त्याला सगळे छोटे सेठ म्हणायचे. दसऱ्यासाठी घरी येताना तो पेटीएवढं एक यंत्र घेऊन आला. त्यात दोन चकत्या गरगर फिरायच्या आणि माणूस बोलेल ते धरून ठेवायच्या. त्यानं लहानपणापासून या दोघांना ऐकलं होतं. चाचा जाणार हे कळल्यावर तो आमच्या पडवीत येऊन म्हणाला, "दसऱ्याला जिनिंग बंद असते. चार वाजता आवारात बसा, गाव बोलवा, लोकांसमोर वाजवा. मी सगळं धरून घेतो. मुंबईला नेऊन त्याच्या तबकड्या करून आणतो. एक हबीबला, एक तुम्हाला." चाचा म्हणाले, "मतलब मैं उधर, ये इधर, और दोनों डब्बे में साथ साथ?" छोटे सेठ म्हणाले, "हो." चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. घरी जाताना ते दोनदा वळून आमच्या दाराकडं बघत गेले.

मला त्या यंत्राचं एकच कोडं पडलं होतं. ते धरून ठेवतं म्हणजे काय काय धरून ठेवतं? माझ्या समजुतीप्रमाणं तो फोटोच होता, फक्त आवाजाचा. आणि फोटो काढताना माणसं तोंड धुतात, पावडर लावतात. दादांचा बाजा ते रोज फडक्यानं पुसायचे, तो लखलखीत असायचा. चाचांचा बाजा मात्र काळपट पडलेला, जागोजागी हिरवट डाग. मुंबईच्या यंत्रात आपले दादा चकचकीत आणि चाचा मळके दिसणार, ही काळजी मला लागून राहिली. घरात मोठी माणसं पोट कसं भरायचं या काळजीत, आणि ही बाई या काळजीत.

खंडेनवमीला आमच्याकडं घोंगडी अंथरून अवजारं पुजायची. काकांची मेंढरं कातरायची कातर, विळा, कुऱ्हाड, मायच्या गोधडीच्या सुया, आणि मधोमध दोन बाजे. चाचा दर वर्षी सकाळी आपला बाजा आमच्याकडं आणून ठेवायचे आणि दुपारी पूजेला यायचे. चाचीनं ईदेला शीरखुर्म्याचं भांडं आणलं की दादांच्या बाजाला चाचा अत्तराचं बोट लावायचे, तसंच हे. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. त्या सकाळी बाजा ठेवून चाचा गेले. दादा झेंडूची फुलं आणायला गेले. माय कपडे घेऊन नदीला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "गये, मी येईस्तोवर पितळेचं सगळं घासून ठिव बरं." माझं नाव गयाबाई. मी आज्ञाधारक मुलगी होते. पितळेचं सगळं घासून ठेवलं.

काय सांगू, काय चमकला तो! उन्हात बघवेना. त्याच्या अंगावर सोंगट्यांसारखी झाकणं असतात, बोट ठेवलं की भोक मिटतं. त्या झाकणांच्या आतसुद्धा मी कापडाची सुरळी करून चिंच पोचवली. आत चामड्याच्या टिकल्या होत्या, मऊ, गुळगुळीत. त्यासुद्धा घासल्या. त्या टिकल्यांवरच बाजाचा सगळा जीव असतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यांना आणखी एकदा चिंच लावली असती. पाणी झटकून, पुसून मी बाजा घोंगडीवर नेऊन ठेवला आणि मोठ्या माणसासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. माय आली, तिनं डोळे मोठे केले. "अगं बया, ह्यो कुणी उजळला?" मी म्हटलं, "मी पुसला." पुसला म्हणाले. घासला नाही म्हणाले. का ते देव जाणे. म्हणजे कुठंतरी आत मला ठाऊक होतं.

दुपारी पूजा झाली. मायनं हळदीकुंकू लावलं, दादांनी फुलं वाहिली. चाचा दारात उभं राहून बघत होते. "भाबी, मेरेवाले कु जरा ज़्यादा लगाओ. परदेस जारा ना." मायनं आणखी एक बोट कुंकू लावलं. नंतर चाचांची नजर बाजावर नीट गेली आणि ते एकदम म्हणाले, "अरे! ये किसने दुल्हा बना दिया इसकु?" मी तोंड वर करून उभी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दादांनी चाचांचा बाजा जरासा उचलून बाजूला सरकवला, घोंगडीवरून हात फिरवला आणि विड्याचं ताट त्या जागी ठेवलं. मला वाटलं, ताटाला जागा करायलेत. पुजलेली वस्तू आमच्यात दसऱ्याच्या दुपारपर्यंत वापरत नाहीत. त्या दिवशी कातर चालत नाही, विळा चालत नाही, सुई चालत नाही. बाजाही वाजत नाही. तशी रीतच आहे. त्यामुळं त्या दिवशी चाचांनी एक फुंकर मारून बघितली नाही, आणि मी पोळीवर तूप घेऊन खुशाल जेवले.

दसऱ्याला चार वाजता जिनिंगच्या आवारात सगळं गाव लोटलं. बायका एका बाजूला, माणसं रुईच्या गाठींवर. छोटे सेठांच्या यंत्राला वीज लागायची आणि वीज गिरणीच्या इंजिनाची, म्हणून गिरणी बंद असली तरी इंजिन चालू ठेवलं होतं. लांब शेडमधून त्याचं धक्, धक्, धक् चाललं होतं. छोटे सेठ वैतागले होते, पण इंजिन बंद केलं तर यंत्र बंद. चाचा म्हणाले, "रहने दो साब. अपना ढोलकवाला आज वोइच है." लोक हसले. घोंगडीवरून थेट उचलून आणलेले बाजे घेऊन दोघं उभे राहिले. दादांनी सुरुवात केली, चार ओळी वाजवल्या आणि नेहमीसारखे चाचांकडं वळले. चाचांनी डोळे मिटले, गाल भरले आणि फुंकलं.

फुस्स झालं. भात उतू जाताना झाकण उचलतं तसं काहीतरी झालं, आणि त्यातून एक बारीक किंकाळी आली. पोरं खदखदून हसली. चाचांनी परत फुंकलं. परत तेच. त्यांनी बाजा उलटा केला, एक झाकण बोटानं दाबून बघितलं, उचललं. चामडं फुगून सुरकुतलं होतं. त्यांनी ते बोट नाकाशी नेलं. मी बायकांच्या पुढच्या रांगेत बसले होते. चिंचेचा वास त्यांच्या नाकात गेला तो क्षण मी बघितला. त्यांनी मान वर केली आणि एवढ्या गर्दीत बरोबर मला शोधून काढलं. मी खाली मातीकडं बघायला लागले. माझ्या नखांत अजून काळं होतं.

"साब," चाचा छोटे सेठना म्हणाले, "बाजा बुड्ढा हो गया. चमड़ा सड़ गया इसका. आज दम छोड़ दिया." आणि बाजा रुईच्या गाठीवर ठेवून ते बाजूला झाले.

दादांनी आपला बाजा चाचांपुढं धरला. चाचा खिशातून आपलं तोंडाशी बसवायचं बोंडूक काढायला लागले, कारण ज्याचं त्याचं बोंडूक वेगळं असायचं. दादा म्हणाले, "राहू दे. वाजिव." त्या काळात, त्या गावात, सगळ्यांसमोर. माझी आत्या माझ्या मागंच बसली होती, ती म्हणाली, "आता गं बया!" ते तिचं वाक्य तबकडीत आहे. आजही आहे. चाचांनी दादांच्या तोंडातून निघालेला बाजा आपल्या तोंडाला लावला आणि दादांनी विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं. उत्तर दिलं आणि बाजा परत केला. दादांनी फडक्यानं पुसलासुद्धा नाही. असं ते कितीतरी वेळ चाललं. एका बाजात दोन माणसं. एक वाजवायचा तेव्हा दुसरा हात मोकळे सोडून उभा असायचा, आणि ते मोकळे हात बघवायचे नाहीत, बोटं आपोआप हलत असायची. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात बाजा जाईपर्यंत मध्ये दोन-तीन श्वासांची जागा राहायची. त्यात फक्त इंजिन ऐकू यायचं. धक्, धक्, धक्. मग दुसरा. शेवटी शेवटी प्रश्न लहान होत गेले, उत्तरंही लहान होत गेली, आणि एकदा चाचांनी बाजा पुढं केला तेव्हा दादांनी तो घेतलाच नाही. छोटे सेठनी बराच वेळ वाट बघून यंत्र बंद केलं.

घरी येताना लोकांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. चाचांनी माझ्या हातात पानं ठेवली आणि नेहमीसारखं माझ्या नाकाला बोट लावलं. त्यांच्या बोटाला अजून चिंचेचा वास होता. थोरल्या काकांनी पुढं महिनाभर आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. दादांनी त्याची चौकशीही केली नाही.

चाचांचा बाजा दुरुस्त करायचा दोघांनी फार प्रयत्न केला. काकांच्या कळपातल्या कोकराचं मऊ कातडं आणून चांभाराकडून टिकल्या कापून घेतल्या. पण राख दांड्यांमध्ये घुसून बसली होती, स्प्रिंगा गंजल्या होत्या. एक सूर निघाला तर दुसरा मरायचा. मी रोज पडवीच्या कोपऱ्यात बसून बघायची. आता सांगू, आता सांगू, असं तोंडापर्यंत यायचं. भोंगा नाव असलेल्या मुलीचा आवाज त्या पंधरा दिवसांत कुणी ऐकला नाही, आणि मायला वाटलं मला ताप येणार म्हणून तिनं मला काढा पाजला. तो मी निमूट प्यायले. तेवढीच शिक्षा.

जायच्या आदल्या दिवशी दादांनी आपला बाजा फडक्यात बांधला आणि चाचांच्या घरी नेऊन ठेवला. माय भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "मग तुमी काय वाजवणार?"

"मेंढरं हायेत की थोरल्याकडं. पावा हाय."

तव्यावरची भाकर करपली, आणि आमच्या घरात भाकर करपल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर गेलो. चाचीनं मायच्या गळ्यात पडून रडून घेतलं. दादा सामान चढवत होते. चाचा माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. माझ्यानं राहवेना, मी म्हटलं, "चाचा, मी आज दादाला सांगते."

"नक्को," चाचा म्हणाले. "सुन भोंगे. अब्बी वो मेरेकु बाजा दिया, दोस्ती में दिया. तू बोली तो क्या होता? लड़की का नुकसान बाप भर के दिया, ऐसा हो जाता. फिर वो बाजा मेरेसे नै बजता. समझी?" मला त्यातलं अर्धंच समजलं, पण मी मान हलवली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून बाजाचं फडकं दिसत होतं. दादा फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले आणि टोकाला पोचल्यावर, आता काय करायचं हे न सुचल्यासारखे, उभे राहिले.

तबकड्या आल्या. एक हैदराबादला पोचली, एक आमच्याकडं. पुढं छोटे सेठनी कचेरीतला किल्लीचा जुना फोनोही आम्हाला दिला. दादा पावा वाजवणार म्हणाले होते, तो त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. जिनिंगमध्ये सरकी भरायला लागले. चाचांचा मेलेला बाजा आमच्याकडंच राहिला, खुंटीला टांगलेला. दर खंडेनवमीला तो घोंगडीवर यायचा, कुंकू लावून घ्यायचा आणि परत खुंटीला जायचा. त्याला पुसायला मात्र दादा कुणाला द्यायचे नाहीत. तो पुन्हा काळा पडला. दसऱ्याला चार वाजता दादा किल्ली भरून तबकडी लावायचे. सुई घासून घासून तिचा आवाज दर वर्षी थोडा थोडा जायचा. वाजवलेलं खरखरीत बुडत चाललं, पण मधल्या मोकळ्या जागा तशाच राहिल्या. त्या जागा आल्या की दादा एक बोट वर करायचे. "हां. आता त्यानं दिला बघ." आणि मग पुढच्या जागेला, "आता म्या दिला." मला वाटतं, शेवटी शेवटी ते बाजा ऐकतच नव्हते, तेवढंच ऐकत होते.

माझं लग्न झालं, मांडीवर मुलगी आली. ती रांगायला लागली त्या वर्षी मी दसऱ्याला माहेरी आले होते. तेव्हाच हैदराबादहून चाचांच्या मुलाचं कार्ड आलं. उर्दूत होतं, दादांना ती वाचता यायची. त्यांनी उभ्यानं वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं आणि मायला म्हणाले, "हबीब गेला. छातीत पाणी झालं व्हतं." मग फोनो काढला. किल्ली मी भरून दिली. खरखर, मग आत्याचं "आता गं बया", मग एक मोकळी जागा, धक्, धक्, धक्. त्यांनी बोट वर केलं नाही.

मग मी सांगितलं. चिंच, राख, बादली, माळवद, सगळं. चाचांच्या नाकाशी गेलेलं बोट सांगितलं. स्टेशनावर ते काय म्हणाले, तेही शब्दन् शब्द सांगितलं. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं पाच मिनिटांत संपलं, याचंच मला नवल वाटलं. मी त्यांच्याकडं बघायला धजले नाही, मुलीचं झबलं नीट करत बसले. तबकडी संपली, सुई मधल्या गोलात घासत राहिली. दादांनी ती उचलून ठेवली.

"पूजेच्या वक्ताला म्या त्यो उचलला, तवा खालची घोंगडी वली व्हती," ते म्हणाले. "हाताला लागलं. वास बी आला. तवाच खोलून टिकल्या काढून सुकवल्या असत्या, तर वाचला असता बाजा. पर कुंकू लागून गेलं व्हतं. पुजलेलं खोलावं कसं म्हणलं, आन् वल्या जागंवर ताट ठिवलं. उद्यापस्तोर सुकंल म्हणलं. तुजं काय, तू लेकरू. मला कळत व्हतं." ते खुंटीवरच्या बाजाकडं बघत होते. "त्यो दोस्तीत दिला समजून गेला. बरं झालं. म्या भरून दिला व्हता, गये."